वन्संसाठी घेतलेली साडी

आमच्या घरात पहिल्यापासून दोन पक्ष. माझं म्हणणं असं, की घरात जे आहे ते डोळ्यांना दिसलं पाहिजे. दिसलं नाही की माणूस तेच पुन्हा विकत आणतो. ह्यांचं म्हणणं उलट. घरातली वस्तू बायकोला दिसली की ती विचारते, कशाला आणलीत? त्यामुळे मी काचेच्या बरण्या लावत गेले, कपाटाचे कप्पे आखत गेले, आणि हे आणलेल्या वस्तू लपवायला जागा शोधत गेले. सोलापुरात पाऊस तो केवढा, आणि आमच्या घरात छत्र्या पाच. कात्र्या किती होत्या, ते मी मोजायचं सोडून दिलं होतं.

हे चादरींच्या कारखान्यात होते. माल बांधून बाहेर पडतो तिथं ह्यांची देखरेख असायची. आयुष्यभर हाताखालून कापड गेलेलं, त्यामुळे कुठलंही कापड दिसलं की चिमटीत धरून चोळल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाहुण्याच्या उपरण्यालासुद्धा हात लावून बघितलेलं मी पाहिलंय. संध्याकाळी नवी पेठेतून एक फेरी ठरलेली. येताना हातात पिशवी, आणि मी दारात दिसले की ती पिशवी पाठीमागं. मी शाळेत शिक्षिका होते. पाठीमागं काय लपवलंय हे ओळखायची मला सवय होती, पण मी विचारायची नाही. दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं की सगळं बाहेर यायचंच. मग आमचं एक कडकडीत भांडण व्हायचं, आणि मग फराळ.

असंच एका थंडीत ह्यांच्या धाकट्या बहिणीचा, म्हणजे वन्संचा, फोन आला. त्या सांगोल्याकडच्या खेड्यात राहतात. शेरडं-मेंढरं आहेत, थोडी डाळिंबाची बाग आहे. नवरा गेला तेव्हा त्यांची मुलगी जेमतेम चालायला लागली होती. त्यानंतर सगळं त्यांनी एकटीनं ओढलं.

"वयनी, दादानं माजी साडी घिऊन ठिवलीया म्हनं," त्या म्हणाल्या. "तुमी बगितली का?"

मी कुठली बघणार? मुलीला पाहुणे एकदा बघून गेले होते, एवढंच. बोलणी व्हायची होती. आणि इकडं मुलीच्या आईची मांडवात नेसायची साडी तयार. भाऊ बहिणीला साडी करतो आणि तीच नेसून ती मुलीच्या लग्नात उभी राहते, ही आमच्यातली रीत. पण रीत झाली म्हणून ठरायच्या आधी?

"रंग कंचा हाय म्हनून इचारलं," वन्सं म्हणाल्या, "तर म्हनला, सांगनार न्हाय. मांडवाच्या दिवशीच घडी मोड."

रात्री जेवताना मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, असेल कुठंतरी. मी म्हटलं, मुलीचं ठरू तर द्या. हे हसले. मग ताटाकडं बघत म्हणाले, "ती मागं उभी राहील गं. सगळ्यांच्या मागं, भिंतीला टेकून. मला माहितीय. मी तिला सांगितलंय, माझ्या शेजारी उभं राहायचं, पुढं. त्याला साडी नको का चांगली?"

साडी कुठं ठेवलीय ते मी विचारलं नाही. दिवाळीला निघेलच म्हटलं.

ती दिवाळी ह्यांनी बघितली नाही. होळीच्या आधी एका सकाळी दाढी करता करता खुर्चीत बसले ते बसलेच. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

दहाव्या-तेराव्याला माणसं दुखवटा घेऊन येतात. मुलाला टॉवेल-टोपी, बाईला साडी. बाई बसलेली असते तिथंच तिच्या खांद्यावर साडी टाकतात, हात जोडतात, आणि पुढच्या माणसाला जागा करून देतात. माझ्या खांद्यावर साडी पडायची, शेजारी बसलेली कुणीतरी ती उचलून पिशवीत घालायची, मग दुसरी पडायची. कोण देतंय हे मी बघत नव्हते. राखाडी, वांगी, फिकट निळी, मातकट, मरून. हिरवी एकही नाही. का नाही, हे कुणाला सांगायची गरज नसते. ज्या बाईच्या कपाळावरून कालच कुंकू पुसलंय तिला हिरवी कोण देणार? सगळ्या पिशव्या कुणीतरी बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाच्या पोटात सारून दिल्या. पाहुण्यांना बसायला जागा हवी होती.

त्यानंतरचे महिने माझे मला नीटसे आठवत नाहीत. एवढं आठवतं, की मी जिरं आणत होते. ज्या बाईनं शेजारणींना डबे लावायला शिकवलं, ती दुकानात जाऊन उभी राहायची, काय हवंय ते सुचायचं नाही, आणि तोंडातून जिरं यायचं. घरी आले की पुडा ओट्यावर. बरण्या उघडाव्यात, भराव्यात, झाकणं लावावीत, असं वाटायचं नाही. ज्याच्याशी भांडायचं तोच नाही तर टापटीप कुणाला दाखवायची?

गणपतीच्या आधी मुलगा आणि सून पुण्याहून आले. सुनेनं स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. जिऱ्याचे पुडे, त्यातले काही किडलेले. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मी घर लावून देऊ का? तुमच्याच पद्धतीनं. सगळं दिसेल असं."

तिनं सुट्टी वाढवून घेतली आणि पदर, म्हणजे ओढणी, खोचून कामाला लागली. चार दिवस मी नुसती पाट टाकून बसले आणि बघत राहिले. पोरगी हुशार आहे. बरण्या धुतल्या, वाळवल्या, भरल्या. छत्र्यांतली एक ठेवली, बाकीच्या वाटल्या. मग दिवाण उघडला. पिशव्यांवर पिशव्या. तिनं एकेक साडी काढली, वरचं प्लास्टिक काढलं, आतला पुठ्ठा काढला, किमतीची चिठ्ठी काढली, सगळ्यांच्या एकसारख्या घड्या केल्या आणि माझ्या कपाटात पुस्तकं लावावीत तशा उभ्या लावल्या. फिकट रंगापासून गडद रंगापर्यंत. पिशव्या आणि पुठ्ठे भंगारवाल्याला गेले.

"काही देऊन टाकायच्या का?" तिनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. "नेसेन मी. आता पाच-सहा वर्षं साडी घ्यायला नको."

त्या संध्याकाळी मला बऱ्याच दिवसांनी भूक लागली. मी स्वतः उठून भाकरी टाकल्या. पुढं जे झालं त्याचा दोष कुणी तिच्यावर टाकला, तर त्याला मी दोन शब्द ऐकवल्याशिवाय राहणार नाही. अशी कपाटं लावायला मी जन्मभर लोकांना सांगत आले, आणि तिनं माझ्यापेक्षा चांगलं लावलं.

भाचीचं लग्न ठरलं. तुळशीची लग्नं झाली की लगेचची तारीख. ह्यांना जाऊन वर्ष झालं नव्हतं, पण मुलाकडचे थांबायला तयार नव्हते, आणि वन्संना चांगलं स्थळ हातचं घालवायचं नव्हतं. मीच म्हटलं, करा. लग्नाच्या आठवडाभर आधी वन्सं एसटीनं आल्या. पिशवीत डाळिंबं, घरच्या ज्वारीचं पीठ. चहा झाला. दोघींनी थोडं रडून घेतलं. मग त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "वयनी, साडी न्याया आलेय. दादानं ठिवलेली."

मी विसरले होते. खरंच, पार विसरले होते.

मी उठून कपाट उघडलं. राखाडीपासून मरूनपर्यंत रांगेनं उभ्या असलेल्या साड्या. वन्सं मागून डोकावल्या. "यातली कंची?" त्यांनी विचारलं.

मग मी सांगितलं. दुखवट्याच्या साड्या दिवाणात ठेवल्या होत्या, घर लावताना दुसरीकडं कुठं साडी निघाली नव्हती, म्हणजे ह्यांची लपवायची जागाही तीच असणार, आणि सुनेनं सगळ्या एकत्र लावल्या. वन्सं पलंगावर बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही सगळ्या साड्या पलंगावर पसरल्या. दुखवट्याच्या साड्यांत एखादी हिरवी किंवा पिवळी असती, तर ती ह्यांनीच घेतलेली असणार हे एका क्षणात कळलं असतं. पण ह्यांची बहीणही विधवाच. तिला मांडवात संकोच वाटू नये म्हणून ह्यांनीही असाच कुठलातरी शांत, सोज्वळ रंग शोधला असणार, बराच वेळ घालवून. त्या साडीला ओळखण्यासारखं काहीच नव्हतं.

सुनेला फोन केला. तिनं खूप आठवून बघितलं. पिशव्या तिला आठवत होत्या, लाल, पांढरी, एक कापडी. कुठल्या पिशवीत काय, ते आठवत नव्हतं. मग ती फोनवर रडायला लागली, आणि तिला समजावण्यात आमची पंधरा मिनिटं गेली. वन्सं तिला म्हणाल्या, "आगं तू कशापाय रडतीस? तुला काय ठावं?"

मग वन्संनी भावासारखं केलं. एकेका साडीचा पदर चिमटीत धरून चोळायला लागल्या. तीन-चार साड्यांचं कापड हलकं होतं, त्या बाजूला केल्या. "दादा आसलं घेनार न्हाय," म्हणाल्या. पण बाकीच्याही चांगल्याच होत्या. सोलापुरातली माणसं, कापडात कुणाला फसवून घेणार?

मी माझ्या बहिणीला फोन लावला. म्हटलं, तू आणलेली साडी कुठली, तेवढं सांग, एक तरी कमी होईल. ती म्हणाली, "वांगी होती का? का मरून? अगं, माझ्या कपाटात पडलेली एक उचलून आणली होती. असल्या वेळी रंग कोण बघतं?" मी आणखी दोघा-तिघांची नावं मनात काढली, तर वन्संनी माझ्या हातातला फोन हळूच काढून घेतला. "नगा वयनी. लगीन तोंडावर हाय. मयताच्या कापडाची चवकशी करत बसलो म्हून गावभर हुईल. पोरीच्या सासरी काय म्हनतील?"

त्यांचं बरोबर होतं. दुपारी आम्ही साड्या दोन पिशव्यांत भरल्या आणि रिक्षा करून नवी पेठेत गेलो. हे नेहमी ज्या दुकानात बसायचे ते मला माहीत होतं. दुकानदारानं आम्हाला आत गादीवर बसवलं, चहा सांगितला. ह्यांच्याबद्दल दोन शब्द बोलला, आणि ते वरवरचे नव्हते. मग साड्या बघितल्या. चार साड्या त्यानं आपल्याकडच्या म्हणून ओळखल्या, बाकीच्यांवर चिठ्ठीच नसल्यानं त्याला खात्री देता येईना. वन्संचा चेहरा उजळला.

"पण ताई," तो म्हणाला, "तुमचे सगळे पाहुणे माझ्याकडंच येतात. दुखवट्याला पण इथनंच नेल्या त्यांनी. ह्या चारीतली कुठली कुणी नेली, कसं सांगू?"

"ते आले होते का?" मी विचारलं. "थंडीत. बहिणीची साडी घ्यायला."

"आले होते की. चांगलं आठवतंय. तुम्ही बसलाय तिथंच बसले होते. बहिणीला घ्यायचीय म्हणाले, लई साड्या काढायला लावल्या. मी चेष्टा पण केली, म्हटलं, लग्न बहिणीचं आहे काय?" तो थांबला. "रंग मात्र आठवत नाही हो. रोज ढीग निघतो."

वन्संनी गादीवर हात ठेवला, जिथं हे बसले होते असं तो म्हणाला तिथं. मग चारही साड्या मांडीवर घेतल्या. एक राखाडी, बारीक काठाची. एक मरून. दोन निळसर. मी म्हटलं, "वन्सं, चारातली तुम्हाला जी वाटते ती नेसा. ह्यांचीच असं समजून."

"आन् न्हवती तर?" त्या म्हणाल्या. "जिनं दिली ती बाई मांडवात आसंल की. वळखंल. माज्या पोरीच्या अक्षतेला मी दुखवट्याचं कापाड नेसून हुभी." त्यांनी मान हलवली. "मला कुनी बोललं तर चालतंय वयनी. पोरीला बोललेलं न्हाय चालनार."

आम्ही नवीन साडी घेतली. घरात ह्यांनी निवडलेली साडी असताना, तिच्यासाठी ह्यांनी दुकानदाराला घाम फोडलेला असताना, आम्ही दुसरी विकत घेतली. आयुष्यभर हीच गोष्ट होऊ नये म्हणून मी कपाटं लावली होती. वन्सं निवडेनात. म्हणाल्या, तुमीच बघा, दादाच्या जागी तुमीच. मी मोरपंखी रंगाची घेतली, जांभळ्या काठाची. दुकानदार घडी घालत होता तेव्हा मी पदर चिमटीत धरून चोळला. का, ते मला माहीत नाही. मला कापडातलं काही कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं निघाल्या. सगळ्या साड्या मी पुन्हा कपाटात उभ्या लावत होते. त्या दारातून परत आल्या आणि कपाटापाशी उभ्या राहिल्या.

"वयनी, एक मागू का?"

"मागा की."

"ह्या समद्या तुमीच नेसा. एकबी कुनाला दिऊ नगा. बोहारनीला घालू नगा. मला ठाव हाय, तुमाला पसारा आवडत न्हाय. पर दादानं घेतलेली कपाटात पडून ऱ्हाऊ नये. कुनीतरी नेसावी. मला जमलं न्हाय, तुमी नेसा."

मी हो म्हटलं.

लग्न गावातच झालं, शाळेच्या पटांगणात. भाचीच्या पाठीशी मामाच्या जागी माझा मुलगा उभा राहिला. वन्सं सवयीनं मागं सरकायला लागल्या तेव्हा मी त्यांचा दंड धरला आणि पुढं आणलं. ह्यांचं वर्ष झालं नव्हतं, दोघी-तिघींनी तोंडं वाकडी केलेली मी पाहिली. आम्ही दोघी पुढंच उभ्या राहिलो. वन्संच्या एका जावेनं त्यांच्या पदराला हात लावून विचारलं, "भावाची व्हय?"

"व्हय," वन्सं म्हणाल्या. "दादाचीच."

एवढंच त्या दिवसभरात त्या ठसक्यानं बोलल्या. मग अक्षता पडल्या.

आता मी रोज एक नेसते. फिकटाकडून गडदाकडं, आणि पुन्हा फिकटाकडं. नवीन साडी घेत नाही, घ्यायची गरजच नाही. शेजारणी म्हणतात, तुमचं बाई कौतुक वाटतं, किती काटकसर. मी त्यांना काही सांगत नाही. एखाद्या दिवशी निऱ्या चापूनचोपून बसतात, पदर खांद्यावरून ढळत नाही, आणि मला वाटतं, हीच. दिवसभर मी सांभाळून वावरते, फोडणीपाशी पदर आवरून घेते. दुसऱ्या दिवशी वेगळी नेसते आणि तसंच वाटतं. ह्यांच्या हाताखालून गेलेलं एक कापड माझ्या अंगावर असतं आणि कुठल्या दिवशी असतं ते मला कळत नाही, याचं मला इतकं वाईट वाटतं, की कधीकधी नेसता नेसता मी पलंगावर बसून राहते.

मध्यंतरी वांगी साडी टाचेपाशी फाटली. पूर्वी मी दुसऱ्या दिवशी तिची फडकी केली असती. आता बारीक टाके घालून रफू केली. साड्या धुऊन धुऊन विटत चालल्यात. त्यातली एक ह्यांची आहे, म्हणजे तीही विटत असणार. नेसली नाही तर वन्संना दिलेला शब्द मोडतो, नेसली तर ती झिजते. मी नेसते.

आठवड्यातून एकदा वन्संचा फोन येतो. बहुतेक सकाळी, शेरडं सोडायच्या आधी. मुलगी सासरी बरी आहे, पाण्याचा टँकर आला नाही, बागेवर रोग पडलाय, असं सगळं सांगून होतं. मग त्या विचारतात, "आज कंची नेसलासा?"

मी सांगते. "राखाडी. बारीक काठाची."

त्यांच्या मागं शेरडं ओरडत असतात.

"तीच आसंल," त्या म्हणतात.

गेल्या आठवड्यात मी मरून सांगितली होती, तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या. मी म्हणते, "हो वन्सं. तीच असेल."